नकाशावरचा ठिपका किती खरा?

काही महिन्यांपूर्वी एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीच्या चार मुलींनी 'चोरीच्या गाडीचा माग' हा प्रकल्प मांडला होता. पुठ्ठ्यावर शहराचे रस्ते, त्यावर खेळण्यातली मोटार, मोटारीत दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी पांढरी चकती आणि वर दोऱ्याने टांगलेला चंदेरी कागदाचा उपग्रह. चकतीपासून उपग्रहाकडे एक बाण आणि उपग्रहापासून मालकाच्या फोनकडे दुसरा बाण. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, 'आता चोराची सुटका नाही!'

मांडणी नेटकी होती, मुलींची तयारीही चांगली होती. आम्ही एकच प्रश्न विचारला, "फोनच्या नकाशावर हा जो ठिपका दिसतो, तो प्रत्यक्ष जमिनीवर केवढा असतो?" मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. अखेर एकीने धीर करून सांगितले, "सर, ठिपका म्हणजे गाडीच ना!"

उत्तर चुकले, पण दोष मुलींचा नव्हता. वस्तूंचा माग काढणाऱ्या या छोट्या चकत्यांविषयी वर्तमानपत्रांत, जाहिरातींत आणि चित्रफितींत जे सांगितले जाते, तेच त्यांनी पुठ्ठ्यावर उतरवले होते. 'बॅगेत चकती ठेवली, चोर सापडला', 'उपग्रहाने गाडी शोधून दिली' अशा मथळ्यांवर त्यांचा प्रकल्प उभा होता. हे सांगणे तीन ठिकाणी अपुरे किंवा चुकीचे आहे. एक, ठिकाण नेमके कोणाला कळते. दोन, कळलेले ठिकाण किती नेमके असते. आणि तीन, ठिकाण कळल्यावर वस्तू परत मिळते का. या तिन्हींचा विचार शाळेतल्या विज्ञानाच्या आधाराने करता येतो, म्हणून येथे तो थोडा तपशिलात करीत आहोत.

चकतीला काय माहीत असते?

एप्रिल 2021 मध्ये ॲपल कंपनीची 'एअरटॅग' नावाची चकती बाजारात आली. तिचे वजन 11 ग्रॅम, व्यास सुमारे 32 मिलिमीटर आणि जाडी 8 मिलिमीटर. आत बटणासारखा एक सेल असतो, तो वर्षभर पुरतो. 'टाइल' या नावाच्या चकत्या त्याआधीही मिळत होत्या. आता इतरही अनेक कंपन्यांच्या मिळतात. या चकत्यांत उपग्रहांचे संदेश टिपणारे यंत्र नसते. सिम कार्डही नसते. म्हणजे आपण कोठे आहोत हे चकतीला कळत नाही आणि कळले असते तरी ते दूरवर कळवण्याचे साधन तिच्याजवळ नाही.

चकती एकच काम करते. थोड्या थोड्या वेळाने ब्लूटूथच्या क्षीण रेडिओलहरींतून ती आपली खूण प्रसारित करते. ही हाक साधारणपणे दहा-वीस मीटरांपर्यंत, मोकळ्या जागेत त्याहून थोडी लांब ऐकू जाते. जवळून एखादा अनोळखी माणूस जात असेल आणि त्याच्या खिशात त्या यंत्रणेत सामील असलेला फोन असेल, तर फोन ती हाक टिपतो. स्वतःचे ठिकाण फोनला माहीत असते. ते ठिकाण आणि वेळ तो कूटभाषेत कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो. मालक आपला नकाशा उघडतो, तेव्हा त्याला ही नोंद दिसते. आपला फोन या कामी आला, हे त्या पादचाऱ्याला कळतही नाही.

कूटभाषेची युक्ती वर्गात सांगण्याजोगी आहे. टपालपेटीची फट सर्वांसाठी उघडी असते, कोणीही तीत पत्र टाकू शकतो. पण पेटीची किल्ली एकाकडेच असते. चकतीच्या हाकेतून जणू अशी पेटीची फट मिळते आणि किल्ली मालकाच्या फोनमध्ये राहते. त्यामुळे नोंद कंपनीच्या संगणकातून जात असली तरी कंपनीला ती वाचता येऊ नये, अशी ही रचना आहे. दार्मश्टाट येथील तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये या यंत्रणेची चिकित्सा करून तिचे बलस्थान आणि उणिवा दोन्ही प्रसिद्ध केल्या.

आता मुलींच्या बाणांकडे वळू. चकतीपासून उपग्रहाकडे जाणारा बाण चुकीचा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. ते सतत आपली वेळ आणि आपले स्थान प्रसारित करतात. आपल्या हातातल्या यंत्राचे मात्र ते काहीच ऐकत नाहीत. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून आपला फोन स्वतःच गणित करून आपले ठिकाण ठरवतो. म्हणून बाण उपग्रहाकडून फोनकडे हवा, तोही वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या फोनकडे. 'उपग्रहाने गाडी शोधली' असे म्हणणे म्हणजे घड्याळाच्या टॉवरने आपल्याला शाळेत पोहोचवले, असे म्हणण्यासारखे आहे.

गाडीला जीपीएस आणि सिम कार्ड असलेले स्वतंत्र यंत्र बसवले, तर गोष्ट वेगळी. ते आपले ठिकाण स्वतः काढते आणि मोबाइलच्या जाळ्यातून कळवते. भारतात 1 जानेवारी 2019 पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या बसगाड्या, टॅक्सी अशा सार्वजनिक प्रवासी वाहनांना असे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण सक्तीचे करण्यात आले. अशा यंत्राला गाडीच्या बॅटरीची वीज लागते, मोबाइलचे जाळे लागते आणि आकाश मोकळे असावे लागते. चकतीला यांतले काही लागत नाही. तिला लागतात फोन बाळगणारी माणसे. त्यामुळे गर्दीच्या स्थानकात ती उत्तम चालते आणि ओसाड माळावर मुकी होते. गूगलने एप्रिल 2024 मध्ये अँड्रॉइड फोनांचे असेच जाळे सुरू केले. त्यात मुळात ठरवून दिलेल्या मांडणीप्रमाणे, वर्दळीच्या जागी अनेक फोनांनी हाक टिपली तरच ठिकाण कळवले जाते. खाजगीपणा जपण्यासाठी हे केले आहे. पण खेड्याच्या वाटेवर पडलेल्या पिशवीचा शोध त्यामुळे अवघड होतो. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडचेच फोन असल्यामुळे अमेरिकेतल्या गोष्टी वाचून चकती विकत घेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

ठिपक्याचा आकार आणि वय

आता आम्ही विचारलेला प्रश्न. प्रयोगवहीत लोलकाच्या दोऱ्याची लांबी लिहिताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की मोजपट्टीच्या लघुतम मापाहून बारीक आकडा लिहू नका. प्रत्येक मापनाला त्रुटी असते. मग नकाशावरचा ठिपका याला अपवाद कसा असेल?

फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरांपर्यंत अचूक असतो. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे वेळ मोजण्यात सेकंदाच्या एक कोट्यंश भागाची चूक झाली, तर अंतरात 30 मीटरांची चूक होते. उंच इमारतींवर आपटून आलेल्या लहरी लांबचा रस्ता घेतात आणि अशी चूक वाढते. घराच्या आत उपग्रहांचे संदेश क्षीण होतात. मग फोन आसपासच्या वायफायवरून किंवा मोबाइलच्या मनोऱ्यांवरून अंदाज बांधतो आणि त्रुटी शेकडो मीटरांवर जाऊ शकते. चकतीच्या बाबतीत यात आणखी एक त्रुटी मिळते. नकाशावर दिसते ते हाक ऐकणाऱ्या फोनचे ठिकाण. चकती त्याच्यापासून काही मीटर अलीकडे असेल किंवा पलीकडे, भिंतीच्या या बाजूला असेल किंवा त्या.

नकाशा हे सारे लपवतो असे नाही. ठिपक्याभोवती फिकट रंगाचे वर्तुळ अनेकदा दाखवलेले असते. त्याचा अर्थ असा, की वस्तू बहुधा या वर्तुळात कोठेतरी आहे. ती मध्यावरच आहे असा त्याचा अर्थ नाही. त्रिज्या 10 मीटर असेल तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस मीटर होते. त्रिज्या 100 मीटर झाली, की क्षेत्रफळ 31,400 चौरस मीटर होते, म्हणजे तीन हेक्टरांहून अधिक. त्रिज्या दसपट, क्षेत्रफळ शंभरपट. पुण्याच्या एखाद्या पेठेत किंवा मुंबईतल्या चाळींच्या वस्तीत एवढ्या जागेत किती बिऱ्हाडे असतील याचा हिशेब विद्यार्थ्यांना करायला सांगावा. शिवाय नकाशा सपाट असतो. दहा मजली इमारतीतील सगळे मजले त्याच एका ठिपक्याखाली येतात.

ठिपक्याला वयही असते. नोंद वीस मिनिटांपूर्वीची असेल, तर त्या वेळी गाडी तेथे होती एवढेच म्हणता येते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका मिनिटात एक किलोमीटर जाते. वीस मिनिटांच्या जुन्या ठिपक्यावरून गाडी आता वीस किलोमीटर दूरही असू शकते किंवा तेथेच उभीही असू शकते.

हा हिशेब न केल्यामुळे काय घडते, याची दोन उदाहरणे अमेरिकेतल्या डेन्व्हर या एकाच शहरातील आहेत. दोन्हींत चकती नव्हती, चोरीला गेलेला फोन होता. पण ठिपका वाचण्याची चूक तीच.

जानेवारी 2022 मध्ये तेथे एक मालमोटार चोरीस गेली. तिच्यात काही बंदुका आणि मालकाचा एक जुना फोन होता. मालकाने फोन शोधण्याची सोय वापरली, तेव्हा नकाशावर एक मोठे वर्तुळ दिसले. ते अनेक घरांवर पसरलेले होते. पोलिसांनी त्यांतल्या एका घराची झडती घेण्याचा हुकूम मिळवला आणि शस्त्रसज्ज तुकडीने त्या घरावर छापा घातला. घरात 77 वर्षांच्या आजी एकट्या राहत होत्या. त्यांना घराबाहेर काढले गेले, गराजचे दार फोडले गेले, सामान विस्कटले गेले. मालमोटार, बंदुका, फोन यांपैकी काहीही तेथे नव्हते. आजी न्यायालयात गेल्या आणि मार्च 2024 मध्ये ज्युरीने त्यांना सुमारे 37 लाख 60 हजार डॉलर भरपाई मंजूर केली.

दुसरे उदाहरण याहून भयंकर आहे. 2020 च्या उन्हाळ्यात एका सोळा वर्षांच्या मुलाचा फोन लुबाडला गेला. फोन शोधण्याच्या सोयीने दाखवलेला ठिपका त्याने एका घरावर नेऊन बसवला आणि सूड घेण्याचे ठरवले. 5 ऑगस्ट 2020 च्या पहाटे त्याने दोन साथीदारांसह त्या घराला आग लावली. सेनेगलहून येऊन तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबातील पाच जण त्यात मरण पावले. त्यांत दोन अगदी लहान मुले होती. त्या कुटुंबाचा फोनशी काडीचाही संबंध नव्हता. आपण चुकीचे घर जाळले, हे त्या मुलाला नंतर बातम्यांवरून कळले. 2024 मध्ये त्याला साठ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

सूडबुद्धी नकाशाने निर्माण केली नाही, हे खरे. पण वर्तुळाला ठिपका समजण्याची चूक दोन्ही घटनांत आहे. एका ठिकाणी ती प्रशिक्षित पोलिसांनी केली, दुसऱ्या ठिकाणी शाळकरी वयाच्या मुलाने. मापनातील त्रुटी हा केवळ प्रयोगवहीतला एका गुणाचा प्रश्न नाही, हे सांगायला आणखी कोणते उदाहरण हवे?

हरवलेली वस्तू आणि चोरलेली वस्तू

तिसरा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे. हरवलेली वस्तू आणि चोरलेली वस्तू हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हरवलेली छत्री आपल्यापासून लपायचा प्रयत्न करीत नाही. चोर मात्र विचार करतो. चकती हाती लागली तर तो ती फेकून देतो, दुसऱ्याच्या गाडीत टाकतो किंवा धातूच्या डब्यात बंद करतो. धातूच्या डब्यातून रेडिओलहरी फारशा बाहेर येत नाहीत, हे आपण विद्यार्थ्यांना फोन स्टीलच्या डब्यात ठेवून दाखवू शकतो.

त्यावर कोणी म्हणेल, की चकती चोराला कळूच नये अशी बनवावी. येथेच खरी अडचण आहे. जी चकती चोराला कळत नाही, ती कोणालाच कळत नाही. कोणा स्त्रीच्या पर्समध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत कोणी गुपचूप चकती टाकली, तर ती रोज कोठे जाते, रात्री कोठे राहते हे त्या माणसाला घरबसल्या कळू शकते. ही भीती कल्पनेतली नाही. एअरटॅग आल्यावर वर्षभरातच पाठलागाच्या तक्रारी येऊ लागल्या. आतला आवाज करणारा भाग काढून टाकलेल्या चकत्या विकल्या जात असल्याचे 2022 च्या सुरुवातीला उघडकीस आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतील दोन स्त्रियांनी कंपनीवर दावा लावला. कॅनडातील टोरांटोजवळच्या यॉर्क विभागाच्या पोलिसांनी डिसेंबर 2021 मध्ये वेगळाच प्रकार जाहीर केला. वाहनतळावरच्या महागड्या गाडीला चोरच चकती चिकटवत, गाडी रात्री कोणाच्या घरासमोर उभी राहते ते पाहत आणि मग ती चोरत. चोर पकडण्यासाठी घेतलेले साधन चोरांच्याच कामी आले!

म्हणून कंपन्यांनी उपाय योजले. मालकापासून दूर असलेली चकती काही काळाने आवाज करते. सुरुवातीला हा काळ तीन दिवसांचा होता. जून 2021 मध्ये तो 8 ते 24 तासांच्या दरम्यान आणला गेला. अनोळखी चकती आपल्याबरोबर फिरत असेल तर फोन तशी सूचना देतो. मे 2024 पासून ॲपल आणि गूगल यांनी मिळून ठरवलेल्या पद्धतीने दोन्ही प्रकारच्या फोनांवर अशी सूचना मिळू लागली. हे योग्यच झाले. मात्र ज्या सूचनेमुळे पाठलागाला बळी पडणाऱ्या स्त्रीला सावध होता येते, त्याच सूचनेमुळे चोरही सावध होतो. कोणता फोन चोराचा आणि कोणता बळीचा, हे यंत्राला ओळखता येत नाही. एका पारड्यात घातले की दुसऱ्यातून जाते.

टाइलने फेब्रुवारी 2023 मध्ये दुसरा मार्ग काढला. आपली सरकारी ओळख पटवून देणाऱ्या आणि पाठलागाचा गुन्हा सिद्ध झाल्यास दहा लाख डॉलर दंड मान्य करणाऱ्या ग्राहकाला तिने आपली चकती शोधणाऱ्यांपासून लपवण्याची मुभा दिली. आमच्या मते हा मार्ग चुकीचा आहे. दंड झाला तरी तो नंतरची गोष्ट. ज्या स्त्रीला चकती सापडतच नाही, ती तक्रार तरी कशाच्या आधारे करणार? वस्तू आणि माणूस यांत निवड करायची वेळ आली, तर माणसाची निवड करावी. चकती चोरीसाठी थोडी निकामी राहिली तरी चालेल. कंपनीनेही ती मुळात किल्ल्या आणि सामान शोधण्यासाठी म्हणूनच आणली होती.

यश मोजायचे कसे?

"पण अमुक एकाची गाडी चकतीमुळे परत मिळाली, ते खोटे का?" असा प्रश्न येईल. खोटे नाही. मात्र लॉटरीच्या दुकानावर बक्षीस लागलेल्यांचेच आकडे लावलेले असतात. गाडी सापडली तर बातमी होते. न सापडलेल्या गाडीतल्या चकतीची बातमी कोण देणार? न्यूयॉर्कचे महापौर एरिक ॲडम्स यांनी एप्रिल 2023 च्या अखेरीस नागरिकांना 500 चकत्या फुकट वाटण्याची घोषणा केली आणि वॉशिंग्टनमध्येही त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अशी योजना जाहीर झाली. अशा योजनांची परीक्षा करायची, तर वाटलेल्या चकत्यांचा आकडा किंवा दोन-चार सुखान्त गोष्टी पुरणार नाहीत. चकती असलेल्या आणि नसलेल्या सारख्याच गाड्यांची तुलना हवी.

अशी मोजदाद करता येते, हे एका जुन्या यंत्राने दाखवले आहे. 1986 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 'लोजॅक' ही सेवा सुरू झाली. गाडीत कोठेतरी लपवलेला एक छोटा रेडिओ प्रक्षेपक, एवढेच ते यंत्र. गाडी चोरीला गेल्याची नोंद पोलिसांकडे झाली, की दूरसंदेशाने तो जागा होई आणि गस्तीच्या गाड्यांतील अभिग्राहकावर त्याची दिशा कळे. इयन आयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अभ्यासकांनी 1998 मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या शहरांच्या मध्यभागात असे यंत्र बसवलेल्या दर तीन गाड्यांमागे वर्षाला सुमारे एक गाडीचोरी टळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण कोणत्या गाडीत यंत्र आहे हे चोराला ओळखता येत नसे. त्यामुळे यंत्र न बसवलेल्या शेजाऱ्याच्या गाडीलाही संरक्षण मिळे.

हा निष्कर्ष चकतीला जसाच्या तसा लावता येणार नाही. लोजॅक लपलेले होते, चकती स्वतःहून हाक मारते. पण अधिक महत्त्वाचा फरक दुसराच आहे. लोजॅकचा संदेश मालकाकडे जात नसे, पोलिसांकडे जाई. चकतीने ठिकाण थेट मालकाच्या हातात दिले आणि रागावलेला मालक एकटाच ठिपक्यामागे धावू लागला. मार्च 2023 मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात एक माणूस चकतीच्या मदतीने आपल्या चोरीस गेलेल्या गाडीपर्यंत पोहोचला. तेथे झालेल्या झटापटीत त्याने संशयिताला गोळी घालून ठार केले. गाडी मिळाली, पण एक माणूस मेला. याला यश म्हणायचे का?

चकती टाकाऊ आहे, असे आम्हांला म्हणायचे नाही. घरात हरवलेल्या किल्ल्या, स्टेशनवर विसरलेली पिशवी, विमानप्रवासात भलतीकडे गेलेली बॅग यांसाठी ती उपयोगी आहे. बॅगेचे ठिकाण विमान कंपनीला थेट कळवण्याची सोयही 2024 च्या अखेरीस सुरू झाली. चोरी झाली तरी तिची नोंद हा उपयोगी दुवा ठरू शकतो. मात्र ती नोंद पोलिसांना द्यावी आणि देताना ठिपक्याबरोबर वर्तुळ आणि वेळही दाखवावी. स्वतः कोणाच्या दारात जाऊन उभे राहू नये. आपल्याकडे फोन चोरीला गेल्यास मे 2023 पासून 'संचार साथी' या सरकारी सेवेतून तो बंद करण्याची विनंतीही करता येते.

वर्गासाठी एक खेळ

वर सांगितलेले सारे एकही चकती विकत न घेता मैदानावर करून दाखवता येते. फक्कीने मैदानावर पाच-पाच मीटरांचे चौकोन आखावेत आणि त्यांना क्रमांक द्यावेत. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला कोणत्याही चौकोनात बसवावे आणि हातात छोटी घंटी द्यावी. तो झाला चकती. दर मिनिटाला त्याने घंटी हलकेच वाजवावी. दहा-बारा विद्यार्थी आपापल्या गप्पा मारीत मैदानातून फिरतील. ज्याला घंटी ऐकू येईल, त्याने आपण उभे असलेल्या चौकोनाचा क्रमांक आणि वेळ चिठ्ठीवर लिहून बंद पेटीत टाकावी. 'मालक' वर्गातच बसेल, पेटी उघडेल आणि चिठ्ठ्यांवरून नकाशावर ठिपके काढील.

मग प्रश्न विचारावेत. चिठ्ठीवरचे ठिकाण घंटीचे की ऐकणाऱ्याचे? दोन्हींत जास्तीत जास्त किती अंतर पडले? ते अंतर त्रिज्या धरून वर्तुळ काढले, तर त्यात किती चौकोन आले? फिरणारी मुले दोनच ठेवली तर काय झाले? घंटी रुमालात गुंडाळली तर? आणि शेवटचा प्रश्न जरूर विचारावा. एखाद्या मुलीच्या दप्तरात कोणी गुपचूप अशी घंटी टाकली, तर तिला ती ऐकू यावी की येऊ नये? यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.

प्रदर्शनातल्या त्या चार मुलींना आम्ही हेच थोडक्यात सांगितले. दुपारच्या सुट्टीत त्यांनी बाण खोडून नवे काढले, हातातली बांगडी पुठ्ठ्यावर ठेवून मोटारीभोवती वर्तुळ आखले आणि त्यात किती घरे येतात ती मोजली. सात आली. मग एकीने विचारले, "सर, खाली आता काय लिहायचं?" आम्ही सांगितले, "जेवढं मोजलं तेवढंच लिहा." त्यांनी लिहिले, 'गाडी या सात घरांच्या आसपास होती, दुपारी 1 वाजून 20 मिनिटांनी.' जुन्या वाक्याइतके ते आकर्षक नव्हते, पण बरोबर होते.

शिक्षकांनी हा खेळ आपल्या शाळेत करून पाहावा. आपल्या मैदानावर घंटी किती अंतरापर्यंत ऐकू गेली आणि शेवटच्या प्रश्नावर मुलांनी काय उत्तरे दिली, हे कळवल्यास आम्हांला आनंद होईल.